एरर आली? आधी वाचून तर बघा!

‘‘अहो ताई, तुमचं दुकान धोक्याचं आहे असं माझा फोन सांगतोय!’’

२०२४ ची दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. मी गॅससमोर उभी राहून भाजणीचे तांदूळ भाजत होते. मान वाकडी करून खांद्यावर फोन धरलेला, आणि पलीकडे नाशिकच्या आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक ताई. दरवर्षी दोन किलो चकल्या आणि अनारशाचं पीठ न चुकता मागवणाऱ्या. त्यांच्या फोनवर लाल त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह आणि खाली इंग्रजीत ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. त्यांच्या मिस्टरांनी मागून डोकावून बघितलं आणि निकाल देऊन टाकला, ‘‘फ्रॉड आहे. पैसे भरू नकोस.’’

दुकान म्हणजे आमच्या बचत गटाची वेबसाईट. आम्ही अकराजणी कोपरीच्या, म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेकडच्या. कुणी बारा बंगल्याजवळ राहतं, कुणी अष्टविनायक चौकापाशी, दोघी चेंदणी कोळीवाड्यातल्या. फराळ, भाजणी, मेतकूट, मसाले हा आमचा माल. कोळीवाड्यातल्या दोघींची सुकी मासळीही असते, पण ती वेगळ्या पानावर बरं का! लॉकडाऊनमध्ये घरोघरी जाऊन विकणं बंद पडलं, तेव्हा २०२१ च्या ऑक्टोबरात ओळखीतल्या एका मुलाने आम्हाला ही वेबसाईट करून दिली. दुसऱ्या कुणाच्या बाजारातला कोपरा नव्हे, आमच्या गटाच्या नावाची, शेवटी डॉट कॉम असलेली. स्वतःच्या नावाची पाटी दारावर लागली की कसं वाटतं ते तुम्हाला मी काय सांगू! त्या नावाचे दोन हजार स्टिकर छापून घेतले आणि प्रत्येक पिशवीवर चिकटवले.

त्या सकाळी मी माझ्या फोनवर उघडून पाहिलं, तर तोच लाल त्रिकोण. आणि खरं सांगते, मैत्रिणींनो, माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? ‘काल मीच चकल्यांचे फोटो बदलले. माझ्याच हातून काहीतरी बिघडलं.’

मी घर सांभाळणारी बाई, इतिहास घेऊन बी.ए. केलेली. गेली पंधरा वर्षं आजूबाजूच्या बायकांचे फॉर्म भरून देते, दाखल्यांसाठी त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहते. पडद्यावर काही लाल दिसलं की समोरची बाई ताबडतोब फोन माझ्या हातात देते आणि म्हणते, ‘‘ताई, माझं काहीतरी चुकलं वाटतं.’’ मी तिला हसून धीर देते. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मीही अगदी तेच म्हणाले. मिक्सर बिघडला तर ‘तू काय केलंस?’, भाजी खारट झाली तर ‘तू काय केलंस?’ हे इतकी वर्षं ऐकलेलं असतं, की यंत्राने ‘एरर’ म्हटलं की आपण आपोआपच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहतो. एरर या शब्दाचा अर्थ आपण शाळेत ‘चूक’ असा पाठ केलाय ना, म्हणूनही असेल.

वेबसाईट करून देणारा मुलगा तोवर बंगळूरला नोकरीला लागला होता. त्याला फोन केला. तो मीटिंगमध्ये. मेसेज आला, ‘काकू, काही नाही. सगळ्यांना सांगा, ॲडव्हान्स्डवर दाबा आणि प्रोसीड करा.’ मी भाबडेपणाने तो मेसेज आमच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर पाठवूनही दिला. आज मला त्याची लाज वाटते. का, ते सांगते.

संध्याकाळी डोंबिवलीच्या माझ्या भाचीला फोन लावला. ती बी.एस्सी. आयटी करतेय. मला वाटलं, ती म्हणेल, ‘मावशी, मी बघते.’ पण तसं नाही झालं.

‘‘मावशी, काय लिहिलंय ते वाच.’’

‘‘अगं, एरर आहे.’’

‘‘एरर आहे ते कळलं. शब्द वाच. खाली बारीक अक्षरात असतील.’’

मग मी चष्मा लावला आणि वाचलं. ‘नेट, ई आर आर, सर्ट, डेट, इनव्हॅलिड.’ भाची म्हणाली, ‘‘झालं तर मग. तारीख संपलीय. दुधाच्या पिशवीवर बघतेस की नाही तारीख? तसंच.’’

दिवसभरात आम्ही अकराजणी, दोन नवरे आणि एक दीर इतक्यांनी तो पडदा पाहिला होता. तो वाचला मात्र एकानेही नव्हता!

गिऱ्हाईक जेव्हा आमच्या साइटवर नाव, पत्ता, फोन नंबर लिहितं, तेव्हा ते सगळं पाकिटात घालून सील करून आमच्याकडे येतं. वाटेत कुणाला वाचता येत नाही. आणि ‘हे पाकीट ज्या नावाने पाठवलंय त्याच नावाच्या दारात पोचतंय’ याची खात्री द्यायला एक प्रमाणपत्र असतं. त्यावर नाव असतं आणि तारीख असते. ‘लेट्स एनक्रिप्ट’ नावाची ना-नफा तत्त्वावरची सेवा २०१५ पासून ही प्रमाणपत्रं फुकट देते. ती ९० दिवसांची असतात आणि मुदत संपायच्या आत आपोआप नवी होतात. निदान व्हावीत अशी अपेक्षा असते. आमचं झालं नव्हतं. अशा वेळी ‘तरीही पुढे जा’ म्हणून सांगणं म्हणजे दारावरचं सील तुटलेलं दिसत असताना ‘या हो, आत या’ म्हणणं. आमचं दुकान खरं होतं, म्हणून नुकसान झालं नाही. पण उद्या बँकेच्या नावाने खोटी साइट समोर आली आणि तिथेही हाच लाल त्रिकोण दिसला, तर आमच्याच ताई ‘प्रोसीड’ दाबतील. ती सवय त्यांना मी लावली असती. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला, ‘कृपया दाबू नका. आम्ही दुरुस्त करून कळवतो. तोवर ऑर्डर फोनवर सांगा.’ नाशिकच्या मिस्टरांचं म्हणणं बरोबरच होतं म्हणायचं! (हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

आता गंमत बघा. आमच्यातल्या तिघींच्या फोनवर साइट व्यवस्थित उघडत होती. ‘‘माझ्याकडे तर दिसतंय बाई!’’ यावरून ग्रुपवर जवळजवळ भांडण. भाचीने विचारलं, ‘‘त्या तिघी नाव टाकताना आधी डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लिहितात का?’’ नव्हत्या लिहीत. बाकीच्या लिहीत होतो.

इथे मला पहिल्यांदा कळलं की वेबसाईट ही एक वस्तू नाही. नाव वेगळं आणि जागा वेगळी. नाव म्हणजे दारावरची पाटी, त्याला डोमेन म्हणतात. जागा म्हणजे भाड्याचा गाळा, जिथे आपला माल मांडलेला असतो, ते होस्टिंग. दोन्हींचं भाडं वेगळं, बऱ्याचदा मालकही वेगळे. आणि या नावाचं दुकान सध्या कोणत्या गाळ्यात आहे हे सांगणारं एक रजिस्टर असतं, पोस्टमनच्या डोक्यात असतं तसं. त्याला डीएनएस म्हणतात. डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लावलेलं नाव आणि न लावलेलं नाव या त्या रजिस्टरात दोन वेगळ्या ओळी असू शकतात! मुलाने जुलैमध्ये आमचं दुकान स्वस्त गाळ्यात हलवलं. एका ओळीत नवा पत्ता लिहिला, दुसरीत जुनाच राहिला. जुन्या गाळ्यातल्या प्रमाणपत्रावर दोन्ही नावं होती. नूतनीकरणाच्या तपासणीत त्यातलं एक दुसरीकडेच राहतंय असं निघालं, म्हणून नूतनीकरणच अडलं. ९० दिवस भरले ते नेमके दिवाळीच्या तोंडावर.

मुलाने दुसरी ओळ सुधारली. आणि लाल त्रिकोण? तसाच! मी हताश झाले. भाची म्हणाली, ‘‘वाच.’’ आता ‘डेट’च्या जागी ‘कॉमन नेम’ असं लिहून आलं होतं. म्हणजे तारीख ठीक, नाव जुळेना. नव्या गाळ्यातल्या प्रमाणपत्रावर डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूचं नाव घातलेलंच नव्हतं. हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही. आधार कार्डावर सासरचं नाव, दहावीच्या दाखल्यावर माहेरचं, बाई एकच, पण खिडकीतला माणूस म्हणतो ‘नाव जुळत नाही’. या वाक्यापायी माझी किती मंगळवार-बुधवारं गेली आहेत! दोन्ही नावांचं नवं प्रमाणपत्र निघालं आणि त्रिकोण गेला. एरर बदलली याचा अर्थ आपण एक पायरी पुढे आलो, हे त्या दिवशी शिकले. तशीच पुन्हा दिसली म्हणजे अजून त्याच पायरीवर आहोत.

तरी दोन तास डोंबिवलीत दिसत होतं आणि कोपरीत नव्हतं. त्यालाही कारण आहे. रजिस्टरातली ओळ प्रत्येक फोन कंपनी थोडा वेळ आपल्या वहीत उतरवून ठेवते आणि ती मुदत संपेपर्यंत जुन्या वहीतूनच पत्ता सांगते. अशा वेळी पुनःपुन्हा दुरुस्त्या करत बसलं की आणखी घोळ होतो. बदल केल्यावर थोडं थांबायचं. भाजणी भाजताना सारखा झारा आत-बाहेर करून चालत नाही, तसंच.

या रजिस्टराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७०-८० च्या दशकांत, इंटरनेट अगदी पाळण्यात होतं तेव्हा, सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावं एकाच यादीत लिहिलेली असत. ती यादी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवं नाव घालायचं तर त्यांच्याकडे कळवायचं. यादी वाढत वाढत हाताबाहेर गेली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची डीएनएसची पद्धत बसवली. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट गव्ह या शेपट्यांची योजनाही फाइनलरबाईंच्याच गटातून आली. म्हणजे जगाच्या दारावरच्या पाट्यांचं रजिस्टर एका बाईने कितीतरी वर्षं सांभाळलं. आणि आम्ही अकराजणींनी आमच्या एका पाटीचं रजिस्टर कुणाकडे आहे हेसुद्धा विचारलं नव्हतं!

त्याची शिक्षा आम्हाला आठवड्याभरातच मिळाली.

२२ ऑक्टोबर. धनत्रयोदशी सात दिवसांवर. सकाळी साइट उघडली तर लाल त्रिकोण वगैरे काही नाही. पांढरा पडदा, ‘साइट सापडत नाही’ आणि खाली ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड, एनएक्सडोमेन’. आता मला वाचायची सवय झाली होती. भाचीला न विचारता एवढं कळलं की या नावाचं कुणी रजिस्टरात नाहीच म्हणताहेत. गाळा आहे, माल आहे, पाटी गेली.

गटातल्या एक काकूंनी तेल, बेसन आणि सुक्या खोबऱ्यासाठी गटाकडून पंधरा हजार उचलले होते. विधवा बाई, मुलगी बारावीला. त्यांनी मला शांतपणे विचारलं, ‘‘म्हणजे आपलं नाव गेलं का गं?’’ त्या प्रश्नाने पोटात खड्डा पडला. कारण उत्तर ‘हो, जाऊ शकतं’ असं होतं.

नाव आपण विकत घेत नाही, ठरावीक वर्षांसाठी नोंदवतो. आमचं तीन वर्षांसाठी नोंदवलं होतं. ती वर्षं भरली. आपोआप पैसे वळते व्हायची सोय मुलाने केली होती, पण त्याचं कार्डच दरम्यान बदललं. आठवण देणारी पत्रं आली होती का? आली असणारच. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियमच आहे की नोंदणी करणाऱ्या कंपनीने मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी कळवायचं, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत पुन्हा कळवायचं. ती पत्रं गेली मुलाच्या कॉलेजच्या जुन्या ईमेलवर, जो तो उघडतच नव्हता.

यात तो मुलगा वाईट नव्हता हो. त्याने आमच्याकडून मेहनतीचा एक रुपया घेतला नव्हता. तो रेल्वेने घरी यायला निघाला होता, त्याचा फोन लागत नव्हता. रात्री लागला, त्याने तिथल्या तिथे पैसे भरले. तोपर्यंत दिवस गेला आणि पुढचे काही तास साइट कुणाला दिसे, कुणाला नाही. साधारण हजार-बाराशे रुपयांची बाब. पण ते भरण्याचा अधिकार आमच्या अकराजणींपैकी एकीकडेही नव्हता. खातं त्याचं, ईमेल त्याचा, मालक म्हणून नाव त्याचं. त्याच्या जागी एखादा लबाड असता तर? किंवा देव न करो, त्याला काही झालं असतं तर? मुदत संपल्यावर नेहमीच्या दरात भरायला थोडे दिवस मिळतात. नंतर डॉट कॉमच्या बाबतीत ३० दिवसांची आणखी एक खिडकी असते, तिथे दंड बराच जास्त. तीही चुकली तर पुढे पाच दिवसांनी नाव मोकळं, कुणीही घ्यावं. मग आमचे दोन हजार स्टिकर लोकांना कुणाच्या तरी दुसऱ्याच दुकानात घेऊन गेले असते.

मोठमोठ्यांचंही हे होतं. १९९९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे ३५ डॉलर भरायचे राहून गेले. हॉटमेल वापरणाऱ्या कितीतरी लोकांना आपली पत्रंच उघडेनात. शेवटी एका परक्या प्रोग्रॅमरने आपल्या खिशातून पैसे भरले. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवतेय? आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअॅप, फेसबुक एकदम बंद पडलं, सहाएक तास. कितीजणींनी घरातला वायफाय बंद-चालू केला असेल, फोन झटकला असेल! दोष फेसबुकच्या घरातला होता. त्यांच्या एका चुकीच्या बदलामुळे त्यांचं नावांचं रजिस्टरच जगापासून तुटलं होतं.

पण मोठ्यांचं होतं म्हणून आपलं झालं तर चालेल, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला शंभर माणसं असतात. आपल्याकडे एक भाची.

माझा राग आहे तो आमच्या स्वतःवरच. बाईच्या नावावर घर हवं, शेत हवं असं आम्ही सभांमधून सांगतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्यांना सांगितलं की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करा. आता आता, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येऊ लागलं. हे मी मोठ्या अभिमानाने हळदीकुंकवात सांगितलं होतं. आणि अकराजणींच्या घामावर उभं राहिलेलं दुकान तीन वर्षं एका चोवीस वर्षांच्या मुलाच्या नावावर होतं. कुणी फसवून करून घेतलं नव्हतं. आम्हीच म्हटलं होतं, ‘‘तूच टाक रे तुझा ईमेल, आम्हाला कुठे कळतंय त्यातलं!’’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं. घरोघरी आपण ते मुलाला, पुतण्याला, जावयाला म्हणत असतो. माझ्या मते आपण आपल्या हाताने लिहून दिलेलं ते बक्षीसपत्रच.

‘पण आम्हाला तांत्रिक कुठे येतं?’ असं तुम्ही म्हणाल. मलाही येत नाही. आजही मला वेबसाईट करता येत नाही. नळ दुरुस्त करता येत नसला तरी पाणी वरच्या टाकीतून येत नाही की आपल्या वॉशरमधून गळतंय, हे आपल्याला कळतं ना? तेवढंच कळायला हवं. त्या आकड्यांचंही तसंच. ४०४ आलं तर दुकान जागेवर आहे, तुम्ही मागितलेलं पान तिथे नाही. पत्ता लिहिताना चुकलं असेल किंवा पान काढून टाकलं असेल. ४०३ म्हणजे दार आहे, पण आत जायला परवानगी नाही. चारशेच्या घरातले आकडे आपण मागितलेल्या गोष्टीबद्दल बोलतात. पाचशेच्या घरातला आकडा आला की गोंधळ त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. ५०० म्हणजे आत काहीतरी सांडलंय, ५०३ म्हणजे गर्दीमुळे किंवा कामासाठी तूर्त बंद. तिथे आपण कितीही वेळा पुन्हा फॉर्म भरला तरी उपयोग नाही. आणि ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ असं आलं, तर तलाठी म्हणतो तहसीलला जा आणि तहसीलवाले म्हणतात तलाठ्याकडे जा, तो प्रकार. आमच्याकडे तोही एक दुपारभर झाला, डब्ल्यूवालं नाव बिनडब्ल्यूकडे पाठवत होतं आणि ते परत याच्याकडे!

याचा उपयोग मला नंतर भलत्याच ठिकाणी झाला. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. ओटीपी येत नाही, एरर येते, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या, वर्तमानपत्रांत छापून आल्या. महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनीही ओटीपीबाबत तांत्रिक अडचण असल्याचं मान्य केलं. पण त्याआधीच कितीजणींनी स्वतःलाच दोष देऊन घेतला होता! एकीने तर नवऱ्याच्या भीतीने चार दिवस घरात सांगितलंच नाही की आपल्या हातून ‘फॉर्म बिघडला’. मी तिच्याकडून तो पडदा वाचून घेतला. तिच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं.

त्याच सुमारास योजनेच्या नावाच्या खोट्या साइट फिरू लागल्याचे इशारेही आले. तेव्हा मी बायकांना पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायला शिकवलं. खरी साइट ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’. नावाच्या सुरुवातीला कुणीही ‘लाडकी बहीण’ लिहील, पण शेवटचं ‘गव्ह डॉट इन’ सरकारी खात्यांनाच मिळतं. आडनाव आधी बघायचं, मग नाव. बँकांचंही आता तसंच झालंय. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत देऊन बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नावांवर जायला सांगितलं होतं. (एक काकू म्हणाल्या, मग मराठीत पाटी का नाही? तीही मिळते. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ अशी नावं नोंदवता येतात. पण अजून बऱ्याच फॉर्मात ती घेतली जात नाहीत, म्हणून आम्ही थांबलोय.)

दिवाळी कशी झाली म्हणता? झाली. ऑर्डर फोनवर घेतल्या, वहीत लिहिल्या, दोन पुण्याच्या ऑर्डर सुटल्या. काकूंचा माल संपला, पण शेवटची वीस पाकिटं त्यांनी स्टेशनबाहेर उभं राहून विकली. ते मला बरं वाटलं नाही.

पाडव्यानंतर मुलाला घरी जेवायला बोलावलं आणि नाव गटाच्या नावावर करून घेतलं. गटाचा स्वतंत्र ईमेल उघडला. तरी आणखी एक ठेच लागायची होतीच! मालकाचा ईमेल बदलला की ‘हा तुमचाच ना?’ असं विचारणारं पत्र येतं, १५ दिवसांत त्यावर होकार द्यावा लागतो. नाहीतर नाव तात्पुरतं बंद करतात. ते पत्र आम्ही जाहिरात समजून सोडून दिलं आणि महिनाअखेरीस पुन्हा पांढरा पडदा! या वेळी मात्र कुणी घाबरलं नाही. खजिनदार वहिनींनी ईमेल उघडला, पत्र शोधलं, होकार दिला. संध्याकाळपर्यंत सुरू.

आता मासिक सभेच्या इतिवृत्तात ठराव आहे. नाव कुठे नोंदवलंय, गाळा कुठे आहे, कोणता ईमेल, हे सगळं एका कागदावर, पासवर्डचं बंद पाकीट गटाच्या पेटीत, चावी दोघींकडे. मुदतीची तारीख कुणालाही नेटवर बघता येते, त्याला हूइज म्हणतात. ती बघून मी नव्या वर्षाच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केला, गॅस सिलिंडर आणि दुधाच्या नोंदींशेजारी. महिनाभर आधी आणखी एक गोल. ‘तुमच्या नावाचे पैसे भरा’ म्हणून अनोळखी फोन आणि मेसेज येतात, त्यांना आम्ही भीक घालत नाही. जिथे नाव नोंदवलंय तिथेच जाऊन बघायचं.

आणि साइटवर काही दिसलं की ग्रुपवर ‘बंद आहे’ एवढंच लिहायला मनाई आहे. काय दिसतंय ते शब्दन् शब्द लिहायचं, नाहीतर पडद्याचा फोटो पाठवायचा. किती वाजता, कोणत्या फोनवर, डब्ल्यू लावून की न लावता. सुरुवातीला सगळ्या कुरकुरल्या.

परवा दुपारी त्या काकूंचा फोन आला. मला वाटलं, मुलीच्या फीचं असेल.

‘‘अगं, चिवड्याच्या पानावर चार शून्य चार आलंय.’’

‘‘बरं, मी बघते काकू.’’

‘‘तू काय बघतेस? दुकान जागेवर आहे, पान नाही. काल वहिनींनी चिवड्याचं नाव बदललं, तेव्हा पत्ता बदलला असणार. मी त्यांनाच सांगते. तुला आपलं कळवून ठेवलं.’’

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवूनही दिला.